शिशाचा चंबू आणि तांबटांची टिचकी

एका राज्यात तांब्याच्या नगाऱ्यावर दिवस उगवत असे. सकाळी नगारा वाजला की किल्ल्याचा दरवाजा आपसूक उघडायचा, सांजेला वाजला की आपसूक मिटायचा. माणसाचा हात म्हणून त्याला लागत नसे. अशा राज्यात तांबटांना मान नसेल तर कुणाला असणार?

राजाच्या तांबटशाळेत चाळीस तांबट होते आणि त्यांची एक जुनी रीत होती. कुणाचं भांडं पुरं झालं की त्यानं भांड्यावर बोटानं एक टिचकी मारायची. तेवढ्यापुरते बाकीचे एकूणचाळीस हातोडे खाली. नाद खणखणीत उमटला की सगळ्यांनी एका तोंडानं म्हणायचं, "बोललं!" पोटाला राजा द्यायचा, पण तांबट जगायचा तो ह्या एका शब्दावर.

मग त्या शाळेवर जाळंधर कारखानीस आला. त्याच्या कमरेला शिशाचा चंबू असे. तांबं वाजतं, पितळ वाजतं, शिसं काही वाजत नाही. त्यानं पहिल्याच दिवशी फर्मावलं, "टिचक्या बंद. हातोडा थांबला की काम थांबतं." रीत गेली. मग तो रोज एकाला मधोमध उभा करी आणि चारचौघांत सोलून काढी.

तेव्हा बाकीचे काय करत? मान खाली घालून हातोडे आणखी जोरात हाणत. आपल्या माणसाची लाज आपल्या कानी पडू नये, एवढाच त्यांचा हेतू. भोळी माणसं! कारखानिसाला एक चोरटा मंत्र येत होता, आणि त्या मंत्राला नेमका तोच गलका लागत असे. गलक्यात उभ्या माणसाच्या बोटांतून काजव्याएवढा उजेड निघे आणि चंबूत जाऊन बसे. तो त्याचा हातगुण. दुसऱ्या दिवसापासून ठोका चुकायचा, अंगठा ठेचायचा, आणि महिन्याभरात माणूस आपणहून निघून जायचा. कुणी हाकललं असं नाव नको!

बारा वर्षांत सतरा गेले. पहिले गेले हैबतीबाबा, सगळ्यांचे गुरू.

त्यांची धाकटी शिष्या सगुणा. बाप तिचा नावाजलेला तांबट होता, आणि ती बापाच्या वरताण निघाली. एके दिवशी तिनं घागर पुरी केली आणि तिचीही पाळी आली.

"ही घागर म्हणायची की सुकलेलं वांगं?" कारखानीस म्हणाला. "बापाच्या नावावर किती दिवस जेवशील, हातमोडके?"

सगुणेनं वर पाहिलं. बावीस हातोडे धडाधड कोसळत होते. कुणी तिच्याकडे पाहीना. बोटं गार पडली. दुसऱ्या दिवशी तिला साधी वाटी जमेना.

त्याच आठवड्यात राजाचा नगारा तडकला. दरवाजा उघडा तो उघडाच राहिला, आणि लांडगे बाजारपेठेपर्यंत येऊ लागले. राजा म्हणाला, "नऊ दिवसांत नवा नगारा हवा."

कारखानिसानं हात जोडले. "महाराज, सगुणा करील. मोठ्या बापाची लेक आहे. आणि नाही जमलं, तर तिनं जन्मात पुन्हा हातोड्याला शिवू नये."

राजा म्हणाला, "तसंच होवो."

सगुणा शाळेमागच्या उंबराखाली बसली. फांदीवर तांबट पाखरू टुक टुक करत होतं. ते थांबलं आणि म्हणालं, "बाई, तीन कामं कर. नागडोहातलं तांबं आण. हैबतीचा हातोडा आण. आणि कारखानीस बोलत असताना शाळा गप्प कर."

"तिसरं कसं करू?"

"पहिली दोन कर, तिसरं कळेल," पाखरू म्हणालं आणि पुन्हा टुक टुक करू लागलं.

नागडोहाच्या तळाशी जुन्या राजांचं तांबं होतं. त्यावर नाग वेटोळं घालून होता. "तू कोण?" त्यानं विचारलं. "खोटं बोललीस तर डसेन."

"हात..." सगुणेच्या तोंडी कारखानिसानं ठेवलेलं नावच आलं. नागानं फणा काढला. तेवढ्यात तिला आपली पहिली वाटी आठवली, वाकडी, पण चाळीस तोंडांनी "बोललं!" म्हटलेली. ती म्हणाली, "मी सगुणा तांबटीण. हातगुण आज माझ्यापाशी नाही. तरी मी तांबटीणच."

"हे खरं," नाग म्हणाला आणि बाजूला सरकला.

हैबतीबाबा तीन कोसांवर शेळ्या राखत होते. त्यांचा हातोडा जमिनीत उलटा ठोकला होता आणि त्याला शेळी बांधली होती.

"माझ्यातच खोट होती, पोरी," बाबा म्हणाले. "म्हणून सुटलं काम."

"बाबा, मलाही तेच वाटतं. वाटेत शाळा सोडलेले चौघं भेटले, त्यांनाही तेच वाटतं. एकाच शाळेत सतरा-अठरा खोटे एकदम कसे निपजले?"

 बाबा बारा वर्षांनी पहिल्यांदा खदखदून हसले.

सगुणेनं त्यांचे पाय धरले. "तुम्हांला उभं केलं त्या दिवशी मीही हातोडा जोरात मारत होते."

"ठाऊक आहे. तुझा ठोका मी ओळखला होता."

ती रडू लागली. बाबा म्हणाले, "ऊठ. आधी ती शेळी सोड. हातोडा काढायचाय."

तिसरं काम तिला तिथंच कळलं. गावात परतून ती बावीस घरं फिरली. "माझ्यासाठी भांडू नका. तो मला बोलू लागला की हातोडे खाली ठेवा. एवढंच."

गोंदा तांबट म्हणाला, "आणि उद्या माझी पाळी आली तर?"

"येईलच, गोंदा. तेव्हा मी थांबेन."

गोंदानं दार लोटून घेतलं.

नववा दिवस उजाडला. बाबा सांगत होते, सगुणा आंधळ्यासारखी ठोकत होती. नगाऱ्याचं भांडं आकाराला आलं, पण नाद येईना. राजा दारात उभा. कारखानीस पुढं आला. "पाहा, महाराज! हातमोडकी आणि शेळीवाला! यांनी कालथे घडवावेत, कालथे!"

हातोडे सुरू होते. सगुणेनं गोंदाकडे पाहिलं. गोंदाच्या कपाळावर घाम होता. त्यानं हातोडा मांडीवर ठेवला. मग शेजारच्यानं. मग एकेक करत सगळ्यांनी.

शाळा गप्प झाली. त्या शांततेत कारखानिसाचे शब्द ज्याला त्याला ऐकू गेले, त्याला स्वतःलाही. बारा वर्षं गडगडाटासारखे वाटलेले ते शब्द, फुटक्या डब्यात खडे खुळखुळावेत तेवढेच होते.

शिशाचा चंबू मधोमध उकलला. अठरा उजेड बाहेर पडले. एक सगुणेच्या बोटांत शिरला, एक हैबतीबाबांच्या. बाकीचे आपापली माणसं शोधत उडाले. त्यांतल्या दोहोंची माणसं या जगात उरली नव्हती. ते दोन उजेड उंबरावर जाऊन बसले. अजून तिथंच आहेत.

सगुणेनं गुरूच्या हातोड्यानं शेवटचे सात ठोके दिले आणि टिचकी मारली. नाद किल्ल्याला वळसा घालून परत आला.

"बोललं!" शाळा म्हणाली. राजाही म्हणाला.

त्या सांजेला नगाऱ्यावर कातडं चढलं, नगारा वाजला आणि दरवाजा आपसूक मिटला. सगुणा शाळेची मुख्य झाली. रीत परत आली. गेलेले परतले, पण गेलेली वर्षं काही परतली नाहीत. बाबांची नजर अधू झाली होती. ते आता कानानं भांडी पारखत.

आणि कारखानीस? राजानं त्याला विचारलं, "तुला वाटी येते?" येत नव्हती. राजा म्हणाला, "मग शीक. तुझी वाटी बोलली की सुटलास."

तो अजून ठोकतोय. अंगठा ठेचतोय. पण त्याला कुणी हसत नाही. ज्या दिवशी त्याची वाटी पुरी होईल, त्या दिवशी त्याच्यासाठीही सगळे हातोडे थांबतील. रीत म्हणजे रीत.

भांडं बोललं, गोष्ट सरली. ऐकणाऱ्यानं आता आपला हातोडा घटकाभर खाली ठेवावा आणि शेजारी कोण उभं आहे ते बघावं.