आधी गूळ-पाणी

एका डोंगरी किल्ल्यावर एक छोटंसं गाव होतं. तोफ एकच, तीही गंजलेली. पण गावाची एक रीत होती आणि तिचा सगळ्यांना भारी अभिमान. कुणावर कितीही मोठा आरोप असो, त्याला आधी गूळ-पाणी द्यायचं आणि भर चावडीत विचारायचं, "बाबा, तुझं काय म्हणणं?"

एकदा भर बाजारात कुणीतरी आग लावली. सात माणसं गेली, त्यांत एक कुंभारही होता. गाव हादरलं. किल्लेदाराने दवंडी पिटवली, "धोका टळेपर्यंत विचारपूस बंद! संशय आला की कडेलोट!" घाबरलेल्या लोकांनी माना डोलावल्या. भीतीपुढे शहाणपण चालत नाही, हेच खरं.

त्याच दिवशी शिपायांनी एका परगावच्या घोंगडीवाल्याला धरलं. त्याचं घोंगडं जळालेलं होतं, एवढा पुरावा त्यांना पुरला. त्याला कड्याकडे नेऊ लागले, तेवढ्यात कुंभाराची विधवा गूळ-पाणी घेऊन आडवी आली.

"बाई, बाजूला हो. तुझ्याच नवऱ्यासाठी करतोय हे," किल्लेदार म्हणाला.

"माझं कुंकू पुसलंय, साहेब. मला खरा गुन्हेगार हवाय, हाताला लागेल तो नको." मग ती घोंगडीवाल्याकडे वळली. "बाबा, तुझं काय म्हणणं?"

तो रडतच म्हणाला, "माय, आग विझवायला मी घोंगडं टाकलं. आग लावणारे तिघं होते. एकाचा पाय धरला, तर वहाण हातात राहिली. ते मागच्या चोरवाटेनं उतरले. सांगत होतो, पण कुणी ऐकलंच नाही!"

शिपाई धावले. करवंदीच्या जाळीत तिघं सापडले. एकाच्या पायात एकच वहाण होती, आणि रात्री परत येऊन किल्ल्याचं दारूकोठार पेटवायची तयारी सोबत होती. किल्लेदाराचा चेहरा उतरला. हा माणूस कड्यावरून गेला असता, तर किल्लाही गेला असता. त्याने भर चावडीत घोंगडीवाल्याची माफी मागितली आणि दवंडी मागे घेतली.

"आता या तिघांचा तरी कडेलोट करा!" लोक ओरडले.

पण कुंभारणीने नवऱ्याला मारणाऱ्या त्या तिघांपुढे गूळ-पाणी ठेवलं आणि एकेकाला विचारलं, "बोल, तुझं काय म्हणणं?"

तिघांचं म्हणणं चावडीने ऐकून घेतलं. गुन्हा शाबीत झाला, शिक्षाही झाली. पण त्या दिवशी गावाची मान ताठ राहिली, ती त्या बाईमुळे.

तात्पर्य एवढंच: भीतीपोटी न्याय मोडला, तर निरपराध मरतो आणि शत्रू मोकाट राहतो. संकटातही जो न्याय सोडत नाही, तोच खरा शूर.