चौदा पेपरवाले साहेब

माळावरच्या विमान-क्लबात परीक्षक रणभिसेसाहेब गरजले, "ढगातून उडायचंय? मग हौशी पायलटांनीबी चौदा पेपर द्यायचे. मीच काढलेत!"

डॉक्टर यमूताई स्वतःच्या विमानानं रोग्यांकडं जायच्या. ढग आले की रोगी खोळंबायचे. त्यांना हवा होता छोटा कोर्स, विमानातच शिकवणारा. म्हणाल्या, "चला साहेब, एक चक्कर मारू."

वर गेल्यावर त्यांनी साहेबांना झापडाची टोपी घातली. ढगात शिरल्यागत बाहेरचं दिसेना, फक्त समोरच्या यंत्रांचे काटे दिसत होते. "आता सरळ चालवा."

"हे काय, नाकासमोर चाललंय!"

ताईंनी टोपी काढली. आयला! विमान कलंडलेलं अन् खिडकीत आभाळाच्या जागी ज्वारीचं शेत!

ताईंनी विमान सावरलं. "साहेब, चौदांपैकी काटे बघायचा पेपर कितवा?"

उतरल्याबरोबर साहेबांनी छोट्या कोर्सच्या मंजुरीच्या कागदावर सही ठोकली. सही मात्र अजून कलंडलेलीच होती!