चौथी इस्त्री

“...म्हणजे साडेआठ हजार घातले तर ते सत्कारणी लागतील का, अण्णा? तेवढं सांगा.”

सोपानअण्णा आपल्या घराच्या ओट्यावर मांडलेल्या तीन इस्त्र्यांकडे बघत बसले होते.

तिन्ही सुधन्वानं महिन्याभरात घेतलेल्या. एक हलकी, एक जड, एक वाफेची. पिशवीत भरून स्कूटरवरून आणल्या होत्या आणि सोबत वडिलांचा एक शर्ट. चौथी, साडेआठ हजारांची, अजून दुकानात होती.

सुधन्वा साखर कारखान्यात इंजिनिअर. अख्खा बॉयलर त्याचं ऐकायचा, तिथं इस्त्रीची काय बिशाद. पण घरात दादांपुढे, म्हणजे वडिलांपुढे, त्याची डाळ शिजत नव्हती.

अण्णांनी कराडात पेठेच्या तोंडाशी चाळीस वर्षं इस्त्री केली. हात थरथरायला लागले, तसं संक्रांतीनंतर दुकान बंद केलं. त्या दिवसापासून दादांनी उंबरा ओलांडला नव्हता. घरी केलेला शर्ट ते उलटसुलट करून बघायचे, ‘जमलं नाही’ म्हणायचे आणि खुंटीला अडकवून पुन्हा खुर्चीत बसायचे.

डॉक्टरांनी बजावलं होतं. असेच बसून राहिले तर पाय आखडतील, मग उठवूनही उठता येणार नाही.

“किती दिस झालं?” अण्णांनी विचारलं.

“बेचाळीस.”

“हं...”

अण्णांनी हलकी इस्त्री उचलली आणि लगेच खाली ठेवली.

“हिला सगळा दाब मनगटानं द्यावा लागतोय. चार कपड्यांत हात भरून येतोय.”

मग वाफेची.

“वाफ चांगली. पन तुमच्या बोअरचं पानी जड. सा म्हैन्यात भोकं बुजतील.”

मग जड इस्त्री. ती त्यांनी उलटी केली आणि तळावरून तळहात फिरवला. वायर जिथं आत शिरते तिथं अंगठ्यानं वाकवून बघितली. शेवटी ती उभी केली आणि बोटानं हळूच ढकलली. इस्त्री डुलली, पडली नाही.

“इस्त्री पयली हितं मरती,” वायरीच्या मुळाशी बोट ठेवून ते म्हणाले. “हिचं मूळ बेतानं वाकतंय. तळ गुळगुळीत हाय. उभी ऱ्हाती. केवढ्याला?”

“अकराशे.”

“पैसं वसूल हायती.”

सुधन्वाचा चेहरा पडला. रात्री-रात्री मोबाइलवर चौदा इस्त्र्या ताडून बघितल्या होत्या त्यानं. एवढं करून घरात असलेलीच चांगली निघावी, हे त्याला पचेना.

“पण हा शर्ट हिनंच केलाय, अण्णा. दादा नको म्हणाले.”

अण्णांनी शर्ट मांडीवर घेतला. कॉलर बघितली. मनगटपट्ट्या बघितल्या. दोन बटणांच्या मधली जागा नखानं चाचपली. त्यांना फार वेळ लागला. दहावीच्या निकालालाही सुधन्वाची छाती एवढी धडधडली नव्हती.

“कुनी केला?”

“मी.”

“कॉलर टोकाकडनं आत घेतलीस.”

“हो.”

“कापड दमट असताना केलास.”

“हो. चुकलं का?”

“न्हाई.” अण्णांनी शर्ट त्याच्या हातात दिला. “चांगला झालाय. माझ्या हातासारखा झालाय.”

“मग खोट कुठं आहे?”

अण्णांनी रस्त्याकडे बघितलं.

“दुकान टाकलं त्या दिवशी दोनच कपडे आलं,” ते म्हणाले. “दोन्ही तुझ्या वडलांचं. तवा कोळशाची इस्त्री. माझा अंदाज चुकला, आन् नवा शर्ट पाठीवर जळाला. हातभर डाग. मी म्हनलं, संपलं. आता हा मानूस पेठंत बोभाटा करनार.”

सुधन्वानं हे कधी ऐकलं नव्हतं.

“त्यांनी तोच शर्ट अंगात घातला. वरनं कोट चढवला. चैताचं ऊन, आन् कचेरीत दिवसभर कोट घालून बसलं. कुनी इचारलं, तर अंगात कणकण हाय म्हनालं. दुसऱ्या दिशी सकाळी दुसरा शर्ट घेऊन दारात हजर.”

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. त्याची त्यांना लाज वाटली नाही.

“माझ्या पोरांची शिक्षनं त्या कोटावर झाली, बाळा.”

दादांचं हेकट तोंड सुधन्वाच्या डोळ्यांपुढे आलं आणि पहिल्यांदाच त्याला त्याचा राग आला नाही. आपण अशा माणसाच्या पोटी जन्मलो, यानं त्याला भरून आलं. आणि समोरच्या या म्हाताऱ्यानं एवढी वर्षं ते ध्यानात ठेवलं, यानंही.

“दुकानातनं शर्ट न्यायला कोन यायचं?” अण्णांनी विचारलं.

“दादाच. रोज सकाळी आठला.”

“तू का न्हाई आलास कधी?”

“येऊ द्यायचे नाहीत. मी म्हणायचो, येताना गाडीवरून आणतो. तर चिडायचे.”

“किती येळ लागायचा त्यास्नी?”

“तास... कधी दीड तास.” सुधन्वा किंचित हसला. “आम्हाला वाटायचं, तुमच्याकडं गर्दी असेल.”

“शर्ट रातीच तयार असायचा.”

समोरून भाजीची गाडी गेली.

“दुकान बंद झालं, पन मी हितंच हाय,” अण्णा म्हणाले. “दोन गल्ल्यांवर. तरी एकदा बी आलं न्हाईत.”

“काम असल्याशिवाय ते कुणाच्या दारात जात नाहीत, अण्णा. जन्मभर तोच बाणा.”

“ठावं हाय.”

सुधन्वा उठला. वाकून त्यानं अण्णांच्या पायांना हात लावला. हे तो घरातून ठरवून आला नव्हता.

मग हलकी आणि वाफेची इस्त्री पिशवीत टाकली. जड इस्त्रीची वायर मुळाशी न वाकवता गुंडाळली. शर्टाची घडी घातली. पिशवीत ठेवणार, तेवढ्यात अण्णांनी शर्ट काढून घेतला आणि आपल्या मांडीशी ठेवला.

“हा राहू दे हितंच.”

“आणि दादांना काय सांगू?”

“सांग, शर्ट तयार हाय. येऊन घेऊन जावा म्हनावं.”