सहा बिघडले, सातवा जमला

आटपाट नगर, सोन्याचे कळस, हत्तीवरचा राजा असलं या गोष्टीत काहीही नाही, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुरकुर नको. या गोष्टीत आहे एक मोठं खळं आणि त्या खळ्यात मिरच्या. लालभडक, चकचकीत, चुरचुरीत मिरच्या. ढिगाच्या एका बाजूला बसलेल्याला दुसऱ्या बाजूचा माणूस दिसायचा नाही, एवढ्या. त्यांचे देठ खुडायला रोज अकरा बाया बसायच्या आणि त्या अकरा जणींत एक होती आपल्या फुलाची माय, अनसूया.

देठ खुडला की मिरचीतून बारीक लाल धूळ उडते. दिसत नाही, पण नाकात गेली की कळते. बाया तोंडाला पदर बांधायच्या. पण काम खाली मान घालून करायचं ना! मान खाली गेली की पदर सुटायचा, आणि हात मिरचीचे, पदर वर करायला गेलं की डोळ्यांची आग. म्हणून मग कुणी पदराच्या भानगडीतच पडायचं नाही.

बाकीच्या बाया शिंकायच्या आणि हसायच्या. फुलाची माय मात्र खोकायची. आधी थोडी, मग खूप, मग इतकी की तिला एक वाक्य धड पूर्ण करता येईना. "फुला, ते चुलीवरचं..." म्हणायची आणि खोक खोक खोक. चुलीवरचं काय? उतरवू? ढवळू? फुला आपली उभी. तोवर भात करपायचा. आठ वर्षांची फुला आणि तिची माय, एवढंच ते घर. एकमेकींशी नाही बोलायचं तर बोलायचं कुणाशी?

त्यात मंगळवारी नव्या मिरचीची गाडी येणार होती. तिखटजाळ मिरची. मागच्या वर्षी ती आली तेव्हा माय पंधरा दिवस अंथरुणाला खिळली होती.

"माय, या वेळी जाऊ नको," फुला म्हणाली.

"नाही गेली तर खाऊ काय आपण? आणि तू..." माय म्हणाली. पुढचं खोकल्यात गेलं.

रविवारी सकाळी फुला रागारागानं खळ्यामागच्या बागेत जाऊन बसली. बाग फुलाच्या घराला लागूनच, इवलीशी, मालकानं पूजेच्या फुलांपुरती लावलेली. पण काय रंग होते! शेंदरी झेंडू, पिवळीधमक शेवंती, लालचुटूक जास्वंदी, आणि पानापानावर दवाचे चमचमते थेंबुले. फुलाचं कशाकडेच लक्ष नव्हतं. तेवढ्यात जास्वंदीतून आवाज आला.

"आक्छी! आक्छी! आऽऽक्छी!"

फुलानं पाकळी बाजूला केली. आत बोटाएवढी परी! पंख चंदेरी, झगा गुलाबी, आणि नाक तर झग्यापेक्षाही गुलाबी झालेलं. वाऱ्यानं आलेली मिरचीची धूळ तिच्या इवल्या डोळ्यांत गेली होती. ती शिंकली की पंखांतून चांदण्या उडायच्या, आणि त्याही तिच्याच नाकात जायच्या.

"चोळू नको! अजून झोंबन!" फुला ओरडली. ती धावत गेली, द्रोणात गार पाणी आणलं, परीचे डोळे थेंबाथेंबानं धुतले आणि आपल्या झग्याच्या टोकानं अलगद टिपले.

परीनं डोळे उघडले. "किती गुणाची गं तू! माग, तीन गोष्टी माग. नियम एकच. जे मागशील ते स्वतःसाठी माग."

"माझ्या मायसाठी मास्क पायजे. नाकातोंडावर बांधायचा, मान खाली घातली तरी सुटायचा नाही असा."

"स्वतःसाठी," परी गोड आवाजात म्हणाली.

"मले काहीच नाही पायजे! मायले पायजे!"

"नियम आहे, बाळ."

फुलानं क्षणभर विचार केला. "बरं. मग मले दे मास्क."

झिलमिल झालं आणि फुलाच्या हातात मास्क आला. गुलाबाच्या पाकळ्यांचा, रुपेरी कडेचा, मधोमध मोत्यांचा. फुला तो घेऊन घरी पळत सुटली, मायच्या तोंडाला बांधला, आणि फस्स! पाकळ्या सुटल्या. एक तर मायच्या नाकातच गेली. बिचारी आधी खोकायची, आता शिंकायलाही लागली.

फुला तणतणत बागेत परतली. "हे काय झालं?"

"अगं हो," परी जीभ चावत म्हणाली, "दुसरा नियम सांगायचा राहिला. मी दिलेली वस्तू ज्याची त्यालाच लाभते. दुसऱ्याला दिली की विरते."

"एकच नियम म्हणे तू!"

"मोठा तो एकच."

फुलानं कपाळाला हात लावला. मग तिला वाटलं, मास्क नको, शिवायचं मशीन मागावं. मशीन आपलं राहील आणि शिवलेलं मायला देता येईल. अक्कल होती पोरीला. "मले शिलाई मशीन दे!"

झिलमिल! जास्वंदीच्या पानावर मशीन उभं राहिलं. सोन्याचं चाक, निळीनिळी नक्षी, टकटक चालणारं, अगदी खरंखुरं. फक्त चिंचोक्याएवढं.

"हे मी चालवू कशी?" फुला किंचाळली.

"मी माझ्या मापानं देते," परी म्हणाली. "मास्क तुझ्या तोंडाचा, म्हणून तुझ्या मापाचा झाला. मशीनचं माप तू सांगितलंच नाहीस."

आता खरंच फुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी मिरचीमुळे नाही. "तुले मायचा खोकला ऐकू येत नाही का? परवा गाडी येऊन राहिली. माझ्यापाशी मायचं एक जुनं लुगडं आहे, सुई आहे, दोरा आहे. पण मले शिवता येत नाही. मी चुकली, कापड वाया गेलं, तर दुसरं आणू कुठून? म्हणून तुह्याकडं मागून राहिली ना!"

 परीचे पंख जरा मलूल झाले.

फुलानं नाक पुसलं.  म्हणाली, "तिसरं मागते. माझं चुकलं की कापड पुन्हा अख्खं होऊ दे. जमेपर्यंत."

परी बघतच राहिली. महाल मागणारे तिनं पाहिले होते, मोत्यांच्या माळा मागणारेही. चुका मागणारं कुणी भेटलं नव्हतं. "पण हे तुझ्या स्वतःसाठीच ना?"

"चुका माझ्याच आहेत. दुसऱ्या कोनाच्या असतील?"

"दिलं!" परी म्हणाली. "आणि कापड तुझ्या मायचं, शिवण तुझी. तू केलेलं कुणालाही दे, विरणार नाही."

लुगडं मूळचं नऊवारी, पण झिजून झिजून दोन-तीन हातच धड उरलेलं, जांभळं, हिरव्या काठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. मायनं ते गोधडीसाठी ठेवलं होतं. फुलानं विचारलं तेव्हा तिनं खोकत खोकत मान हलवली. बागेतल्या पायवाटेवर फुलानं ते पसरलं आणि कात्री चालवली.

पहिला मास्क. दोन तुकडे एकावर एक, उलटी बाजू बाहेर, चारी बाजूंनी नेटका धावदोरा. मग उशीच्या अभ्र्यासारखा उलटवून सुलटा करायचा होता. पण उलटवणार कुठून? बोटभरही तोंड ठेवलं नव्हतं!

"बुजवलंस की गं सगळं," परी म्हणाली.

"दिसते मले!"

झिलमिल, कापड अख्खं. दोराही रिळावर परत. दुसऱ्या वेळी दोन बोटं जागा सोडली, उलटवला, आणि नाड्या गायब. त्या आत शिवल्या गेल्या होत्या. आधी बाहेर दिसल्या की नंतर आत जातात आणि आधी आत दडवल्या की नंतर बाहेर येतात, हे फुलाच्या डोक्यात शिरायला तासभर गेला. तिसरा इतका लहान झाला की नाक झाकलं तर हनुवटी उघडी. चौथ्याला चारी नाड्या एकाच बाजूला. त्याचं काय झालं होतं ते मला विचारू नका, फुलालाही कळलं नाही.

"सोड ना गं," परी वैतागून म्हणाली. तिचेच पंख दमले होते. "मला बघवत नाही."

"मग तिकडं तोंड कर."

पाचव्याला तीन चुण्या घातल्या, म्हणजे मास्क नाकावर फुगून बसेल, श्वास कोंडणार नाही. दोन खाली वळल्या, एक वर. पुन्हा झिलमिल. सहाव्याला तिन्ही चुण्या सारख्या आल्या, सुरेख आल्या! फुला आनंदानं उडी मारणार, तोच वाऱ्यानं खळ्यातली धूळ आली आणि चुण्यांच्या उघड्या तोंडांत जाऊन बसली. तिन्ही चुण्या वर उघडत होत्या. धूळ साठवायला तीन खिसेच शिवले होते म्हणा ना.

फुलानं मास्क आपटला. सुई टोचून टोचून बोटं लाल झाली होती. "नाही येत मले! नाहीच येत!" ती रडली, पाय आपटले. परी हळूच तिच्या गुडघ्यावर येऊन बसली.  घरातून खोकल्याचा आवाज आला. फुलानं डोळे पुसले, कात्री उचलली.

सातव्याला नाड्या आत दडवल्या, दोन बोटं तोंड ठेवलं, सुलटा केला, तिन्ही चुण्या खाली वळवल्या, वरून पुन्हा एक धावदोरा. आणि झिलमिल झालंच नाही. कापड अख्खं होईना. फुला वाट बघत बसली.

"जमलं गं!" परी चित्कारली. "जमलं म्हणून होत नाहीये!"

मग काय विचारता! सोमवारी दिवसभर फुलानं मान वर केली नाही. हिरव्या काठाच्या नाड्या, जांभळे मास्क, एकाखाली एक. मंगळवारी सकाळी अकरा बायांसाठी अकरा मास्क तयार. त्यांतली म्हातारी कौतिकामाय आरशात बघून म्हणाली, "वा वो पोरी! नवरीवानी दिसून राहिली मी!"

तेवढ्यात खळ्याच्या फाटकातून बारावी बाई आली. नवीनच. देवका नाव तिचं, कडेवर तान्हं मूल. फुलाच्या मायनं तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या मास्कच्या नाड्या सोडल्या. "घे बाई. तुले सवय नाही."

"माय!" फुला ओरडली. "तुह्यासाठी म्हणून तर शिवला होता!"

"तिच्या कडेवर लेकरू आहे, फुला. मले काय, मी आपली..." खोक खोक खोक.

कुंपणावरच्या परीनं स्वतःचे केस ओढले. "हे बघ, चौथं मागणं नाही हं! मी आधीच सांगते!"

"कोन मागून राहिलं?" फुला म्हणाली.

लुगड्याचा शेवटचा तुकडा उरला होता. गाडी आली, पोती उतरू लागली. फुलानं तिथंच मांडी ठोकली आणि सुई ओवली. पोती धपाधप पडत होती, तिचा टाका सरसर चालला होता. आता चूक झाली तर कापड परत येणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण चुकायला तिला वेळच नव्हता. शेवटचं पोतं उतरलं आणि तिनं दोरा तोडला. पहिल्या पोत्याचं तोंड उघडायच्या आत तिनं मायच्या तोंडाला मास्क बांधला आणि मागे गच्च निरगाठ मारली. वर आणखी एक.

"आता दे कोनाले द्यायचा तो!"

साऱ्या बाया खदखदून हसल्या. परीसुद्धा इतकी हसली, इतकी हसली की तिच्या पंखांतून गुलाबी, केशरी, सोनेरी कण उसळले. "मी दिलेला मास्क विरला, फुला," ती म्हणाली. "तू केलंस तेच टिकलं." आणि खळ्यावर क्षणभर लख्ख, मऊ उजेड पसरला. तो ओसरला तेव्हा कुंपणावर कुणीच नव्हतं.

त्या दिवशी मिरची तिखटजाळच होती. पण माय संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. दहाएक दिवसांत खोकला पळाला.

एका संध्याकाळी माय चुलीपाशी बसून बोलत होती. देवकाचं लेकरू कसं हसतं, कौतिकामायची शेळी कशी सुटली, फुला तान्ही असताना रात्रभर कशी रडायची, अंगाखाली गोधडी नसली की कशी रुसायची. बोलतच होती. फुलाला भूक लागली होती.

"माय, भात करपून राहिला! किती बोलशील?"

"बरं, गप बसते," माय म्हणाली आणि खरंच गप्प झाली.

फुलानं भात उतरवला. मग मायच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "नको. बोल."