सोळाव्या हिश्श्याचं बारसं

करंजगडच्या महाराजांनी रुपयाचे सोळा भाग करून नवं नाणं पाडायचं ठरवलं, आणि त्याच्या नावावरून दरबारात एकच गलका झाला! महाराज म्हणाले, "नाव असं हवं, की आधीच सगळ्यांच्या तोंडी असेल."

दिवाण हैबतराव मिशीला पीळ देत म्हणाले, "मग माझंच की! म्हणा 'हैबती'."

महाराजांनी ठसे कोरणाऱ्या राघोशेटला विचारलं, "तू सांग. पण खुशामत केलीस तर टाकसाळीतून काढीन." तिकडून दिवाण पुटपुटले, "दुसरं नाव घे, मग बघतो तुझ्याकडे!"

राघोशेट एकदा महाराजांकडे, एकदा दिवाणांकडे बघू लागला. दाराशी त्याची बायको भिवरा तान्ह्याला कडेवर घेऊन उभी होती. काम गेलं तर या पोराला घालायचं काय? ती तशीच पुढे झाली.

"महाराज, नाव दिवाणसाहेबांवरूनच ठेवा. पण गाव त्यांना ज्या शब्दानं ओळखतं, तो शब्द घ्या. 'आणा'!"

"म्हणजे गं?"

"तूप आणा, कोंबडा आणा, असंच म्हणत येतात ते दारी. माझं पोर अजून 'आई' म्हणत नाही, पण त्यांचा घोडा दिसला की 'आणा, आणा' करतं!"

हैबतराव लालबुंद झाले. शिपायांकडे वळून गरजले, "अरे, माझा चाबूक आणा!"

दरबार हसून हसून लोटपोट झाला. महाराज डोळे पुसत म्हणाले, "राघोशेट, कोर रे! नाव खुद्द दिवाणजींनीच पक्कं केलं."

करंजगडात रुपया सोळा आण्यांचा झाला, आणि हैबतरावांना मात्र भर बाजारात 'आणा' म्हणायची चोरी झाली.