आहे का कोणी घरात?

फार फार वर्षांपूर्वी, आज जिथे पालनगरचं मोठं बसस्थानक आहे ना, तिथे नुसती कुसळं उगवायची. उघडा माळ, दोन गाडीवाटांचा फाटा आणि एक आड, संपलं गाव. मिठाच्या गाड्या नेणारे गाडीवान तिथे पालं ठोकून उतरायचे, म्हणून त्या जागेला नुसतं ‘पालं’ म्हणायचे. धड नावसुद्धा नव्हतं बिचारीला.

त्या माळावर एक दिवस ठकू सुतारीण आली. एक गाडी, एक बैलजोडी आणि गाडीत एक उंबरा. घर नाही, दार नाही, चौकट नाही, नुसता उंबरा. लग्नाच्या वर्षी तिच्या नवऱ्यानं तासलेला. पुढे नदीनं गाव नेलं, घर नेलं, नवरा नेला; उंबरा तेवढा चिखलात रुतून राहिला. त्यानंतर ठकू जिथे म्हणून टेकली, तिथून कुणी ना कुणी तिला उठवलं. ही जागा पाटलाची, ही देवस्थानाची, चल पुढे. दर वेळी ती उंबरा गाडीत घालायची आणि चालू लागायची. आता मात्र तिला उठण्याचा अगदी वीट आला होता.

माळावर उतरल्या उतरल्या तिनं उंबरा जमिनीत पक्का बसवला. पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, पुढे रांगोळी काढली आणि मोकळ्या माळातून मोकळ्या माळात पाऊल टाकून ती ‘आत’ गेली. गाडीवान पोट धरधरून हसले.

“मावशे, भिताडं वाटंत इसरलीस का काय?” त्यांचा म्होरक्या यमाजी ओरडला.

“इसरले न्हाई,” ठकू म्हणाली. “ती मागनं येत्यात.”

गंमत अशी, की हसणारेसुद्धा तिच्याकडे पाणी मागायला आले की वळसा घालून उंबऱ्यातूनच यायचे, तेही पायताण काढून. भर उन्हाळ्यात त्या उंबऱ्याच्या आत ऊन लागायचं नाही, असं म्हणतात.

असे बरेच दिवस गेले. पालं वाढली. आणि एके दिवशी दवंडी आली. संस्थानाच्या घोड्यांना कुरण हवं होतं. येत्या बाजाराच्या दिवशी कारभारी नरहरपंत जातीनं येणार होते. घर असेल ते राहील, पाल असेल ते उठेल.

नरहरपंत म्हणजे कडक माणूस. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायची कुणाची छाती नव्हती. पण रीतीभातीला इतके पक्के, की सख्ख्या बहिणीच्या घरीसुद्धा दारात उभं राहून विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत.

यमाजीनं बैल जुंपायला घेतले. “आपलं काय, आज हितं, उद्या तितं.”

“तुजं आसंल,” ठकू म्हणाली. “मी आता उठत न्हाई.” म्हणाली खरं, पण राहायचं कसं? घर बांधायला दिवस नव्हते, दगड नव्हते आणि माळावर तर औषधालाही झाड नव्हतं. लाकूड आणायचं कुठून? तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तिची नजर स्वतःच्या गाडीवर थांबली.

तिनं लाकूड तासायचा वाकस उचलला आणि पहिला घाव गाडीवरच घातला.

गाडीवानाला हाड मोडलेलं चालेल, गाडी मोडलेली चालायची नाही. यमाजी कळवळला. “अगं, आता जाशील कशात?”

“जायाचंच न्हाई, म्हून तर मोडली.”

तेवढ्यात यमाजीची बायको हौसा पुढे आली. दिवस भरत आलेले, चालताना धाप लागायची. तिनं बैल सोडले आणि रिकामी गाडी ठकूपुढे लोटली. “माजी समदी पोरं गाडीत झाली,” पोटावर हात ठेवून ती म्हणाली. “ह्याला उंबरा पायजे.” यमाजीनं बायकोकडे पाहिलं आणि गाडीला मागून हात लावला.

मग काय विचारता! एकामागून एक गाड्या येऊ लागल्या. ठकूचा वाकस थांबेना, बोथट होईना. एका गाडीतून जितके उंबरे निघावेत त्याच्या दुपटीनं निघाले, असं म्हणतात.

बाजाराचा दिवस उजाडला. नरहरपंत घोडेस्वार घेऊन आले, तर माळावर एकही पाल नाही! पालं लोकांनी आपल्याच हातानं उतरवून ठेवली होती. उठवायचं काय? जिकडे पाहावं तिकडे उंबरे, उंबऱ्यांपुढे रांगोळ्या, आणि मागे उघड्यावर बसलेली माणसं, कुणी भाकरी थापतंय, कुणी पोराला न्हाऊ घालतंय. पंतांच्या घोड्यानं पहिल्या उंबऱ्यावर पाय उचलला आणि तसाच मागे घेतला, असं म्हणतात.

पंत रागारागानं खाली उतरले आणि तरातरा पुढे आले. पहिला उंबरा ठकूचा. ती पाठमोरी चुलीशी बसलेली. समोर रांगोळी, ओलं कुंकू. पंतांचे पाय थांबले, जन्माची सवय ती, घसा खाकरला गेला आणि तोंडातून शब्द निघून गेले, “आहे का कोणी घरात?”

झालं! पंतांनी जीभ चावली. पण घर म्हटलं ते म्हटलं, आणि साऱ्या माळानं ऐकलं.

ठकू वळली. पदर सावरत उंबऱ्याशी आली. “हाओत की. या. पायताण तेवढं भाईर काढा.”

आणि उंबऱ्याउंबऱ्यातून आवाज उठला, “हाओत! हाओत!” पंतांनी जोडे काढले, आत आले, तांब्याभर पाणी प्याले आणि जाताना स्वारांना म्हणाले, “घोड्यांना दुसरीकडे चारा. इथे लोक राहतात.”

त्याच दिवशी हौसा बाळंतीण झाली, स्वतःच्या उंबऱ्याच्या आत. ठकू म्हणाली होती तशी भिंती मागून आल्या. मग छपरं आली, पेठ आली, तेलाचे घाणे आले, रेल्वे आली. पालंची पालवाडी झाली, पालवाडीची नगरपालिका झाली. कुठूनही कुणीही आला, की ठकू त्याची जात विचारायची नाही, गाव विचारायची नाही, आधी उंबरा द्यायची. या धांदलीत तिच्या स्वतःच्या उंबऱ्याला भिंती काही लागल्या नाहीत. कुणी म्हटलं, “ठकूमाय, तुझं घर कधी?” तर ती दूर शेवटच्या छपराकडे बोट दाखवायची. “ही काय माजी भिताडं. लई लांब गेली बगा.”

एका सकाळी ती आपला उंबरा ओलांडून आत गेली आणि परत बाहेर आलेली कुणालाच दिसली नाही, असं म्हणतात.

आता पालनगरची महानगरपालिका झाली आहे. तरी तिथे टोलेजंग इमारतीचाही आधी उंबरा बसतो, मग पाया खणतात. आणि दर वर्षी ठकूमायच्या दिवशी महापौर शहराच्या पार टोकाला जातात. काल-परवाच आलेलं, सगळ्यांत नवं पाल शोधतात. बरोबर उंबरा नेलेला असतो, तो पालापुढे बसवतात. मग अनवाणी उभं राहून विचारतात, “आहे का कोणी घरात?”

आतली बाई बावरते. एवढी माणसं, एवढ्या गाड्या, आता उठवणार की काय, म्हणून लेकराला पोटाशी धरते. मग शेजारपाजारच्या बायका तिच्या कानात सांगतात काय म्हणायचं ते. ती पदर सावरते, उंबऱ्याशी येते आणि म्हणते, “हाओत की. या.”

आणि सगळं शहर टाळ्या वाजवतं.