फेरीचं बावखल

वसईच्या किनाऱ्याकडे केवडीपाडा नावाचं गाव आहे. तिथल्या केळीच्या वाड्यांमध्ये एक बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं मोठं तळं. पूर्वी त्यावर रहाट चालायचा. रहाट जाऊन पन्नास वर्षं होत आली, तरी काठाकाठानं गेलेली पायवाट अजून घट्ट आणि पांढरी आहे. तिच्यावर गवत धरत नाही. वाटेवर एका जागी पसरट काळा दगड आणि त्याच्यामागे लहानसा क्रूस आहे. क्रूसाच्या पायथ्याशी संत आन्ना आणि संत योआकिम या मरियामातेच्या आईवडिलांच्या मूर्ती. आन्ना बसलेली आहे. योआकिम उभा आहे, एक पाय पुढे टाकून.

पाहुण्यांना इथवर आणतात ते पास्कूकाका मचाडो. त्यांना एका जागी उभं राहून गोष्ट सांगता येत नाही. ते बोलता बोलता चालू लागतात आणि ऐकणाऱ्यांना मागून जावं लागतं.

"पाणी उजव्या हाताला ठेवा," ते आधीच बजावतात. "रहाटाचा रेडा ज्या अंगानं फिरायचा, त्याच अंगानं माणसानंही फिरायचं. उलटं फिरलं तर पाणी आटतं, असं मानायचे. या रीतीपायीच तर सगळं घडलं."

फार वर्षांपूर्वी या गावात दुमिंग आणि कातरीन हे जोडपं राहत होतं म्हणे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आन्ना-योआकिमच्या सणाला, जुलैअखेरीस, दोघांच्या मूर्तींची पालखी निघायची. त्या वर्षी दुमिंग खांदा द्यायला पुढे झाला. पालखीच्या कारभाऱ्यानं त्याचा हात बाजूला केला.

"बापांनी उचलायची असते रे ही," तो म्हणाला. "तू मेणबत्ती धर."

आजूबाजूचे हसले. दुमिंगनं मेणबत्ती घेतली, चर्चच्या पायरीवर ठेवली आणि तो निघून गेला. घरी गेला नाही. कातरीनला निरोपही दिला नाही. पावसाळ्यात ओस पडलेल्या मिठागरावर राखणदाराची रिकामी झोपडी होती, तिथे जाऊन राहिला, असं सांगतात.

कातरीन रोज सकाळी बावखलावर यायची. तिनं आन्नाला नवस बोलला होता: तो येईपर्यंत रोज एक फेरी. शेजारणी म्हणायच्या, "अगो, घरात बस. नवरा काय पाण्यातून वर येणार आहे?" ती म्हणायची, "घरात बसून डोकं फिरतं. त्यापेक्षा पाय फिरलेले बरे."

असे चव्वेचाळीस दिवस गेले. आठ सप्टेंबर उजाडला, मरियामातेच्या जन्माचा सण. भाताची नवी कणसं घेऊन लोक चर्चला निघाले होते. त्याच सकाळी दुमिंग परतला. दार उघडं, चूल थंड. शेजारीण म्हणाली, "बावखलावर बघ." तो धावला.

तो एका वाटेनं आला आणि कातरीन दुसऱ्या वाटेनं घराकडे वळली. शेजारणीनं तिला दारातूनच परत पाठवलं. "तुझा दुमिंग आला गो! तुलाच शोधायला गेलाय!" तीही धावली.

इथे पास्कूकाकांची चाल नेहमी वाढते. बावखलाच्या कडेनं तेव्हा केवडा माजलेला होता. या काठावरून तो काठ दिसायचा नाही. दुमिंग पाणी उजव्या हाताला ठेवून फिरू लागला. कातरीनही पाणी उजव्या हाताला ठेवून फिरू लागली. उलटं फिरावं हे दोघांच्याही मनात आलं नाही. चिखलात त्याला तिची पावलं दिसली, ताजी, पाणी अजून भरत असलेली. तिला त्याची दिसली. तो धावला, तशी तीही धावली. दोघांमधलं अंतर तेवढंच राहिलं. हाका मारल्या, तर वाऱ्यानं केवडा इतका सळसळत होता की आवाज कुठून येतो ते कळेना. तीन फेऱ्या झाल्या म्हणे. कोणी सात सांगतात.

शेवटी कातरीनच्या तळव्यात केवड्याचा काटा गेला. ती या दगडावर बसली. "आन्नाबाय," ती म्हणाली, "आता माझ्यानं होत नाही. बसते मी."

ती बसली, म्हणून तो तिच्यापर्यंत पोचला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. पाय पुढे केला. "आधी काटा काढ," ती म्हणाली. "मग सांग कुठे मेला होतास."

पुढे त्यांना मूल झालं का, असं पाहुणे हमखास विचारतात. पास्कूकाका म्हणतात, "काहीजण सांगतात मुलगी झाली. माझी आई सांगायची, नाही झाली. पण पालखीला दुमिंगचा खांदा दुसऱ्या वर्षापासून लागला, एवढं नक्की. फादरनी स्वतः त्याला पुढे बोलावलं."

तेव्हापासून दर आठ सप्टेंबरला ती दोघं बावखलावर येत. ती दगडावर बसायची, तो एक फेरी घालून तिच्यापाशी यायचा. त्यांचं पाहून गावातली इतर जोडपीही येऊ लागली.

मग एका उन्हाळ्यात दुमिंग वारला. त्या सप्टेंबरला कातरीन एकटीच आली. बायकांनी तिला दगडाकडे नेलं, तर तिनं हात सोडवून घेतला.

"इतकी वर्षं मी बसले आणि तो चालला," ती म्हणाली. "आता तो बसलाय. मला चालू द्या."

आणि पाणी उजव्या हाताला ठेवून ती निघाली.

आजही त्या सकाळी केवडीपाड्यातली जोडपी इथे येतात. एकेक बाई दगडावर बसते, तिचा नवरा फेरी घालून येतो, दोघं क्रूसापुढे हात जोडतात आणि पुढच्यांना जागा देतात. सगळ्यांच्या शेवटी एकटे राहिलेले निघतात, पुरुष आणि बायका. त्या वेळी दगडावर कोणी बसत नाही. केवड्याच्या वळणाशी त्यांची पावलं भरभर पडू लागतात. दगडाशी आल्यावर ते त्यावर हात ठेवतात. तोवर इतक्यांच्या बसण्यानं तो कोमट झालेला असतो.

रीत एकाच फेरीची आहे. पण त्यांच्यातले बरेच जण दुसरीही घालतात, आणि त्यांना कोणी थांबवत नाही.